मधुमेह असेल तर काट्यालाही जपा

‘‘डॉक्टरसाहेब, तुरीचा खुंट लागला होता, एवढंच. दुखलं नाही, म्हणून लक्ष दिलं नाही.’’

तूर कापल्यावर रानात उरलेले खुंट, पऱ्हाटीची धसकटे, बाभळीचा काटा, यांपैकी एकही पायात न गेलेला शेतकरी आपल्या वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. बहुतेकांची जखम चार-आठ दिवसांत भरून येते आणि तिची आठवणही राहत नाही. परंतु वरील वाक्य बोलणाऱ्या रुग्णाचा पाय घोट्यापर्यंत सुजलेला असतो, अंगठा काळा पडलेला असतो आणि जखमेला दुर्गंधी येत असते. रक्त तपासले की साखर तीनशेच्या वर निघते. आपल्याला मधुमेह आहे, हे अनेकांना त्याच दिवशी प्रथम कळते. असा रुग्ण ग्रामीण भागातील कोणत्याही दवाखान्याला नवा नाही.

या रुग्णाच्या बोलण्यातले ‘दुखलं नाही’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. खुंट सर्वांनाच लागतो. मग एकाची जखम भरते आणि दुसऱ्यावर बोट कापून टाकण्याची वेळ येते, असे का व्हावे? मधुमेह्यांना जंतुसंसर्ग लवकर का जडतो, तो बळावतो का आणि तो टाळण्यासाठी काय करावे, याचा विचार आज करू.

मधुमेह हा शहरातल्या, बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू माणसांचा आजार आहे, हा समज आता सोडून द्यायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात शेतात राबणारी माणसेही आहेत.

साखर वाढली की काय बिघडते?

‘साखरेला मुंग्या लागतात, तसे गोड रक्ताला जंतू लागतात,’ असे पुष्कळ लोक म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. खरे कारण असे की, जंतूंना अडवणारी शरीराची व्यवस्थाच वाढलेल्या साखरेने दुबळी होते. हा दुबळेपणा चार ठिकाणी येतो.

पहिले ठिकाण म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी. या पेशी आपल्या शरीराचे राखणदार आहेत. जंतू शिरला की त्या जागी धावत जाणे, जंतूला पकडणे, गिळणे आणि मारणे ही त्यांची कामे. रक्तातील साखर दीर्घकाळ खूप वाढलेली राहिली की हे राखणदार सुस्तावतात. त्यांची संख्या पुरेशी असते, पण ते उशिरा पोहोचतात आणि पोहोचल्यावरही त्यांचा मारा कमी पडतो. साखर आटोक्यात आली की त्यांचे काम पुष्कळसे सुधारते, ही त्यातली आशेची गोष्ट.

दुसरे ठिकाण रक्तवाहिन्या. अनेक वर्षांच्या मधुमेहाने, विशेषतः पायांच्या, रक्तवाहिन्या अरुंद होतात. जखम भरण्यासाठी लागणारा प्राणवायू, पोषणद्रव्ये आणि पांढऱ्या पेशी रक्तातूनच पोहोचतात. प्रतिजैविक औषधही रक्तातूनच जाते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही आणि तिथले पीक सुकते, तशीच पायाच्या बोटांची गत होते. तंबाखू व विडीचे व्यसन असेल तर हे नुकसान अधिक लवकर होते.

तिसरे ठिकाण मज्जातंतू, म्हणजे नसा. वाढलेली साखर वर्षानुवर्षे नसांना इजा करीत राहते. प्रथम दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात, गादीवर चालल्यासारखे वाटते. पुढे पाय बधिर होतात. मग खुंट लागला, काटा रुतला, चप्पल चावली, तरी कळत नाही.

चौथे ठिकाण लघवी. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. लघवीची जागा ओलसर आणि गोड झाली की तिथे बुरशीला वाढायला आयतीच जमीन मिळते.

बधिर पाय आणि वर्ध्याचा अनुभव

पाय बधिर झाला की काय होते, हे वर्धा जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम सुरू केले. परचुरे शास्त्री या कुष्ठरोग जडलेल्या संस्कृत पंडितांना गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण कार्याची मध्यवर्ती संस्थाही वर्ध्यातच स्थापन झाली.

कुष्ठरोगाने बोटे आपोआप ‘झडतात’, असे पूर्वी लोक समजत. पुढे कळले की, रोगजंतू नसा निकामी करतात आणि वेदना नाहीशी होते. वेदना नसल्याने माणूस फोड आलेल्या पायावर चालत राहतो, चटका बसला तरी हात काढून घेत नाही, जखमेवर जखम होते आणि तीत जंतू शिरून हाडापर्यंत पोहोचतात. बोटे जातात ती या दुर्लक्षित जखमांमुळे.

मधुमेहातही नेमके हेच घडते. तिथे नसा जंतूंनी बिघडतात, इथे साखरेने बिघडतात. वेदना म्हणजे शरीराचा पहारेकरी. तो झोपला की घर उघडे पडते. म्हणून मधुमेह्याने ‘दुखत नाही म्हणजे काळजी नाही’ असे कधीही समजू नये. दुखायला हवी ती जखम दुखत नसेल, तर तीच अधिक धोक्याची. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी आत मऊ आणि खाली टणक तळ असलेल्या एम.सी.आर. चपला वापरात आल्या. आज मधुमेह्यांच्या पायांनाही त्याच उपयोगी पडतात.

कोणते संसर्ग नेहमी आढळतात?

त्वचा : वारंवार केसतोड होणे, काखेत वा मांडीवर गळवे येणे, मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांची काळपुळी उठणे, ही मधुमेहाची जुनी खूण आहे. एक गळू बरे होते न होते तोच दुसरे येत असेल, तर केवळ मलम लावत न बसता रक्तातील साखर तपासून घ्यावी. जांघेतील व स्तनांखालील गजकर्ण आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या हे बुरशीचे विकार. निंदणाच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना चिखल्या फार होतात. मधुमेह असेल तर चिखल्यांच्या भेगांतूनच इतर जंतू आत शिरतात आणि पाय सुजून लाल होतो. दुकानातून मिळणाऱ्या ‘सर्व त्वचारोगांवर एकच’ अशा मिश्र मलमांत बहुधा स्टिरॉइड असते. त्याने खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी मात्र पसरते.

लघवीचा मार्ग : लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे, गढूळ लघवी ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणे. मधुमेहात मूत्राशयाच्या नसाही मंदावतात. लघवी पूर्ण होत नाही आणि तुंबलेल्या पाण्यात शेवाळ वाढावे तसे उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखू लागले, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गुप्तांगाची खाज : स्त्रियांना योनिमार्गात खाज सुटणे व दह्यासारखा पांढरा स्राव जाणे, पुरुषांना शिश्नाच्या टोकाची कातडी लाल होऊन भेगाळणे, हा ‘कॅन्डिडा’ नावाच्या बुरशीचा संसर्ग. संकोचामुळे हे दुखणे महिनोन्‌महिने लपवले जाते. पुष्कळदा मधुमेहाचे हे पहिलेच लक्षण असते. यात चारित्र्याचा काही संबंध नाही. मधुमेहावरील काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यांनीही ही खाज होऊ शकते. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

तोंड : हिरड्या सुजणे, रक्त येणे, दात हलणे म्हणजेच पायरिया, हाही जंतुसंसर्गच आहे. मधुमेहाने तो वाढतो आणि तो वाढला की साखर आवरत नाही. हिरड्यांवर उपचार केल्याने साखर आटोक्यात यायला मदत होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

क्षयरोग : मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक असतो. यात फसगत अशी होते की, वजन घटणे आणि थकवा ही दोन्ही आजारांची लक्षणे. घरचे म्हणतात, ‘शुगरनेच वाळला.’ म्हणून मधुमेह्याला दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा अकारण वजन घटणे यांपैकी काही असेल, तर बेडका तपासून घ्यावा. सरकारी रुग्णालयात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची साखरही तपासली पाहिजे. क्षयावरील काही औषधांनी मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून दोन्ही उपचारांची माहिती दोन्हीकडच्या डॉक्टरांना द्यावी.

काळी बुरशी : २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेसोबत ‘म्युकरमायकोसिस’ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. ही बुरशी कोठून नवी आलेली नव्हती. माती, उकिरडा, कुजलेला पालापाचोळा यांत ती नेहमीच असते आणि तिचे सूक्ष्म कण आपण सारे श्वासावाटे घेतच असतो. धडधाकट माणसाचे शरीर ते संपवून टाकते. परंतु साखर अनावर झालेली, त्यात रक्तात आम्ल वाढलेले आणि भरीला स्टिरॉइडची औषधे सुरू, असे तिन्ही एकत्र आले की या बुरशीला मोकळे रान मिळते. नाकातून ती डोळ्याकडे आणि मेंदूकडे जाते. त्या वर्षी अनेकांना डोळा वा जबडा गमवावा लागला, अनेक दगावले. तिच्यावरील अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनचा देशभर तुटवडा झाला, तेव्हा मे २०२१ मध्ये वर्ध्याच्याच जेनेटिक लाईफसायन्सेस या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले होते. लाट ओसरली, पण बुरशी मातीत आहेच. मधुमेह्याच्या चेहऱ्याची एक बाजू सुजली वा बधिर झाली, नाकातून काळपट स्राव आला, टाळूवर काळा डाग दिसला, पापणी उतरली किंवा एकाची दोन चित्रे दिसू लागली, तर एक दिवसही वाट पाहू नये.

कान : कानात असह्य ठणका आणि स्राव, तोही वयस्कर मधुमेह्याला, हे साधे कानाचे दुखणे समजू नये. यात संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत जाऊ शकतो.

साखर आणि संसर्ग : एकमेकांचे साथीदार

आतापर्यंत आपण साखरेमुळे संसर्ग कसा वाढतो, ते पाहिले. याच्या उलटही घडते. शरीरात कोठेही जंतूंशी लढा सुरू झाला की अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल अशी संप्रेरके वाढतात. ती इन्शुलिनचे काम अडवतात आणि साखर चढते. वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशी आणखी सुस्तावतात, संसर्ग बळावतो आणि साखर पुन्हा चढते. रहाटगाडग्यासारखे हे चक्र फिरत राहते. ते थांबवायचे तर संसर्गावर आणि साखरेवर एकाच वेळी उपचार हवेत. नुसत्या प्रतिजैविकाने भागत नाही.

इथेच एक घातक चूक होते. ताप आला, जेवण गेले, म्हणून रुग्ण स्वतःच्या मनाने इन्शुलिन बंद करतो. ‘पोटात अन्न नाही, मग इन्शुलिन कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु आजारपणात, अन्न कमी गेले तरी, साखर वाढलेलीच असू शकते. इन्शुलिन अजिबात बंद केल्यास रक्तात आम्ल साठून रुग्ण बेशुद्ध होण्याची भीती असते. मात्रा कमी-जास्त करावी लागेल, पण ती साखर तपासून आणि डॉक्टरांना विचारून. काही गोळ्या मात्र उलट्या-जुलाब होत असताना थोडे दिवस थांबवाव्या लागतात. तेही विचारूनच करावे.

पायाची निगा

दररोज रात्री दिव्याच्या उजेडात दोन्ही पाय पाहावेत. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरावा किंवा घरच्या कोणाला पाहायला सांगावे. नजर अधू झालेल्या आजी-आजोबांचे पाय नातवंडांनी पाहावेत.

पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. पाणी किती गरम आहे, ते पायाने पाहू नये, कोपराने पाहावे. पायांना शेक देऊ नये. टाचांना खोबरेल लावावे, बेचक्यांत लावू नये.

नखे सरळ कापावीत. कुरूप ब्लेडने कापू नये आणि त्यावर जळजळीत औषधही लावू नये.

अनवाणी चालू नये, घरातही नाही. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना बधिर पायांना चटका कळत नाही आणि संध्याकाळी तळव्यावर फोड दिसतात. प्रदक्षिणा सकाळी लवकर घालावी, देव रागावणार नाही. शेतात टाच आणि बोटे झाकणारे बूट घालावेत. घालण्यापूर्वी ते झटकून आत हात फिरवावा. खडा, खिळा किंवा विंचू आत असू शकतो. पाय बधिर असतील तर रात्री स्वच्छ सुती मोजे घालून झोपावे, कारण उंदराने बोट कुरतडले तरी झोपेत कळत नाही.

काटा रुतला तर रुईचा चीक, बिब्बा, चुना, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि बधिर पायाला ते समजतही नाही. जखम स्वच्छ पाणी व साबणाने धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी, त्या पायावर भार देणे टाळावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, तेही सांगावे. औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणून दुखणे दडपू नये.

आणखी काही

तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गावच्या आशाताईंना विचारावे. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी वर्षातून किमान दोनदा करावी. ती सातच्या आत असणे बहुतेकांसाठी चांगले, मात्र वयस्करांसाठी डॉक्टर वेगळी मर्यादा सांगू शकतात. वर्षातून एकदा पायांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून दोन मिनिटांत ही तपासणी होते, ती दुखत नाही. फ्लू व न्यूमोनियाच्या प्रतिबंधक लशींविषयीही डॉक्टरांशी बोलावे.

पाय काळा वा निळा पडणे, जखमेला दुर्गंधी, लाली वर चढत जाणे, ताप व हुडहुडी, सतत उलट्या, जोरात श्वास किंवा गुंगी, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी बाजारच्या दिवसाची किंवा वेचणी संपण्याची वाट पाहू नये. सेवाग्राम आणि सावंगी येथील मोठी रुग्णालये आपल्या जिल्ह्यातच आहेत. तिथे रुग्ण दोन दिवस आधी पोहोचला तर बहुधा औषधावर आणि मलमपट्टीवर भागते. दोन दिवस उशीर झाला तर बोट जाते आणि आणखी उशीर झाला तर पाय.

मधुमेह मुळासकट जात नाही, हे खरे. परंतु साखर आटोक्यात ठेवणे आणि रोज पाच मिनिटे स्वतःचे पाय पाहणे आपल्या हाती आहे. बैलाच्या खुरात खडा अडकला तर आपण त्याला लगेच थांबवतो, वाकून पाय उचलून पाहतो. तेवढी काळजी स्वतःच्या पायाची घेतली, तरी पुष्कळांचे पाय वाचतील.